पोथीचं पान, पत्त्याचं पान

तळहातात सहज मावेल अशी एक गोल चकती. तिच्यावर दहा मासे. डोळ्यांजवळ धरून पाहिलं तर प्रत्येक माशाला डोळा आहे, कल्ला आहे, शेपटीला दोन टोकं आहेत. चकती थोडी तिरकी केली की तिच्यावरून खिडकीचा उजेड घसरतो. जरा हलवली की मासे वळवळतात असं वाटतं.

ही सावंतवाडीच्या गंजिफातली मत्स्याची दश्शी. राजवाड्यात गेलात तर तिथे चितारी खाली मान घालून अशा चकत्या रंगवताना दिसतात. मासा आपला, मत्स्यावतार आपला, रंगवणारा हातही इथलाच. पण ज्याच्यावर हे सगळं काढलंय तो पत्ता मुळात चीनचा.

आता गाडी उलटी फिरवा. सावंतवाडीहून कुडाळकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर पिंगुळी लागते. तिथल्या ठाकर समाजाकडे चित्रकथीच्या पोथ्या आहेत. चित्र पुढे धरायचं आणि त्यातली गोष्ट गाऊन सांगायची, अशी ही कला. तिचाही चीनशी संबंध आहे, पण उलट दिशेचा. चित्रावर बोट ठेवून गोष्ट सांगायची रीत आपल्याकडून निघाली आणि बौद्ध धर्माबरोबर चीनमध्ये पोचली.

म्हणजे एक गोष्ट इथून तिकडे गेली आणि दुसरी तिकडून इथे आली. दोन्हींचे वारस आज एकाच जिल्ह्यात, एसटीच्या अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर राहतात. आणि मराठीत दोघांनाही आपण एकच शब्द वापरतो. पोथीचं पान आणि पत्त्याचं पान.

पान गेलं

पोथी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे अक्षरं येतात. चित्रकथीची पोथी म्हणजे सुट्या चित्रांचा गठ्ठा. एका आख्यानाची एक पोथी. साधारण फूटभर रुंद आणि त्याहून थोडी लांब अशी हातकागदाची पानं. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे पान उलटलं की पुढचा प्रसंग हजर. रामायण, महाभारत आणि त्यांच्या अवतीभवती लोकांनी रचलेल्या कथा, ज्या वाल्मीकींच्या वा व्यासांच्या पोथीत शोधून सापडणार नाहीत.

चित्रं पाहिली की पहिल्यांदा लक्षात राहतात ते डोळे. चेहरा बाजूने काढलेला आणि त्यात डोळा मात्र समोरून पाहणारा, मोठा, टपोरा. युद्धाच्या चित्रात बाणांची अशी दाटी, की पान म्हणजे पावसाची सर वाटावी. आज दिव्याखाली बसून आपण ती बारकाईने पाहतो. ती काढली मात्र रात्री समईच्या किंवा कंदिलाच्या उजेडात, चार हात लांब बसलेल्या माणसांसाठी. मग डोळे मोठे का आणि रेघ जाड का, ते आपोआप कळतं. सांगणारा एक, साथीला दोघं. वीणा, हुडुक, टाळ. पान उभं धरायचं, प्रसंगावर बोट न्यायचं, ओळ गायची, मग साध्या बोलीत ती समजावून सांगायची. गोष्ट पुढे सरकली की पान उलटायचं. सावंतवाडीच्या राजांनी या मंडळींना आश्रय दिला आणि देवळादेवळांतून त्यांच्या कथा होत राहिल्या. त्याच घरांत कळसूत्री बाहुल्या आहेत आणि दिव्यापुढे नाचवायच्या चामड्याच्या बाहुल्याही आहेत. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा वर्तमानपत्रांतून या कलेचं नाव पुन्हा घरोघरी गेलं.

ही रीत किती जुनी? बाणभट्टाचं हर्षचरित सातव्या शतकातलं. त्यात हर्ष राजा नगरात शिरतो तेव्हा बाजारात एक माणूस त्याला दिसतो. भोवती पोरांचं कोंडाळं. माणसाच्या एका हातात चित्रपट, त्यावर रेड्यावर बसलेला यम. दुसऱ्या हातात बोरूची काडी, तिने तो परलोकातले प्रसंग दाखवतोय. काडी आणि कोंडाळं वाचताना आजही बाजारपेठेतला एखादा खेळवाला डोळ्यांपुढे उभा राहतो. पुढे बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराच्या मानसोल्लासात चित्रकथकाचा उल्लेख येतो, म्हणजे तोवर त्याच्या धंद्याला नावही पडलं होतं.

आता चीनच्या वायव्य टोकाला जाऊ. दुनह्वांग हे वाळवंटाच्या काठावरचं गाव. रेशीम घेऊन जाणारे तांडे इथून पश्चिमेकडे निघत आणि भारतातून येणारे भिक्खू इथे पहिला मोठा मुक्काम करत. गावाजवळच्या डोंगरात शेकडो लेणी आहेत. त्यांतल्या एका लेण्यात भिंत घालून बंद केलेली एक खोली होती. ती १९०० साली उघडली आणि आत हजारो गुंडाळ्या निघाल्या, जवळजवळ नऊशे वर्षं कोणी हात न लावलेल्या. १९०८ साली पॉल पेलियो हा फ्रेंच अभ्यासक तिथे पोचला. त्याने निवडून पॅरिसला नेलेल्या गुंडाळ्यांत साडेपाच मीटरहून लांब अशी एक चित्रांची पट्टी होती.

त्या पट्टीवर शारिपुत्र आणि एका विरोधी पंथाचा मांत्रिक यांची जुगलबंदी आहे. श्रावस्तीचा सुदत्त बुद्धासाठी जेतवन विकत घेतो, तेव्हाची ही गोष्ट. मांत्रिक डोंगर उभा करतो, शारिपुत्र वज्रधारी देव बोलावून त्याचा चुरा करतो. मांत्रिक बैल सोडतो, शारिपुत्र सिंह. मांत्रिकाचा विषारी नाग येतो आणि त्याच्यावर गरुड झडप घालतो. आपल्या दशावतारी नाटकात रात्री दोन वाजता शोभेल असा हा सामना, आणि तो चिनी चेहऱ्यांनी, चिनी कपड्यांत चाललेला.

पण खरी गंमत पट्टीच्या मागच्या बाजूला आहे. पुढे चित्रं आणि पाठीमागे, त्या त्या चित्राच्या बरोबर मागे, त्या प्रसंगाची पद्यं लिहिलेली. असं कोण लिहील? ज्याला चित्र लोकांकडे करून धरायचंय आणि स्वतःला मागून वाचायचंय, तोच. या प्रकारच्या कथांना चिनीत ब्येनवन म्हणत. त्यांत पद्य सुरू होण्याआधी एक ठरावीक बोल येतो. अमुक घडलं ती ही जागा पाहा, तिथे काय झालं, अशा अर्थाचा. कागदावर तो बोल वाचला की विचित्र वाटतो. पानावर ठेवलेलं बोट डोळ्यांपुढे आणलं की लगेच जागच्या जागी बसतो. नवव्या शतकातल्या एका चिनी कवितेत तर सिचुआनकडची एक स्त्री चित्रांची गुंडाळी उलगडत राजवाड्यातल्या एका स्त्रीची कहाणी गाताना दिसते.

व्हिक्टर मेअर या अमेरिकन अभ्यासकाने १९८८ साली या सगळ्याचा माग काढणारं पुस्तक लिहिलं. भारतातून निघालेली ही रीत चीन, जपान, जावा, इराण अशी कुठे कुठे आणि कोणत्या रूपात रुजली, ते त्यात आहे. पिंगुळीतून कोणी पोथी काखोटीला मारून वाळवंट ओलांडलं नाही, हे उघड आहे. पण पिंगुळीचा कथेकरी आणि दुनह्वांगचा कथेकरी एकाच कुळाचे. एकाने गोष्ट पानाच्या पाठीवर लिहून ठेवली. दुसऱ्याने ती घशात ठेवली आणि पानाच्या पाठीवर आणखी एक चित्र काढून घेतलं.

पान आलं

जुन्या पत्त्यांना चिनी भाषेत येझ म्हणत. ‘ये’ म्हणजे झाडाचं पान. आणि आपण त्यांना म्हणतो पत्ते. पत्ता म्हणजे तरी दुसरं काय? पानच. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच वस्तूला एकच नाव दिलं.

तांग राजवटीतल्या, म्हणजे नवव्या शतकातल्या नोंदींत एका राजकन्येच्या सासरची मंडळी ‘पानांचा खेळ’ खेळताना सापडतात. तो नेमका कसला खेळ, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. मिंग काळात मात्र चित्र स्वच्छ होतं. त्या पत्त्यांवर पैसे आहेत. एक रंग सुट्या नाण्यांचा, दुसरा नाण्यांच्या माळांचा, तिसरा दहा हजारांच्या राशींचा, चौथा लाखालाखाच्या राशींचा. चिनी तांब्याच्या नाण्याला मधे चौकोनी भोक असायचं आणि ती दोरीत ओवून ठेवत, म्हणून माळा. वरच्या मोठ्या पत्त्यांवर पाणथळीतल्या बंडखोरांच्या गाजलेल्या कादंबरीतले वीर.

पत्ते पश्चिमेकडे निघाले आणि इराणमार्गे आपल्याकडे आले ते गंजिफा होऊन. गंज म्हणजे खजिना, त्यावरून हे नाव पडलं असं मानतात. पैशांच्या पत्त्यांना खजिन्याचं नाव शोभतंच. १५२७ साली बाबराने सिंधच्या शाह हसनला गंजिफाचा जोड पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफा ९६ पानांचा, आठ रंगांचा. त्यातही सोन्याचं नाणं आणि चांदीचं नाणं हे दोन रंग शिल्लक आहेतच.

मग तो हिंदू दरबारांत शिरला आणि त्याचं सोंग बदललं. नाणी गेली, अवतार आले. दहा अवतार म्हणून दहा रंग. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. बारा दाहे एकशे वीस. मत्स्याचे मासे, कूर्माची कासवं, परशुरामाचे परशू, रामाचे बाण. ज्यांना पानावरचा आकडा वाचता येत नाही त्यांनाही मासे मोजता येतात. सावंतवाडीत हा खेळ आला तो तिसऱ्या खेम सावंतांच्या काळात, १७५५ ते १८०३ या दरम्यान, असं सांगतात. धर्मशास्त्राच्या चर्चेसाठी तेलंगणातले विद्वान दरबारात येत, त्यांच्याबरोबर गंजिफा आला. पानं रंगवायचं काम इथल्या चिताऱ्यांनी उचललं. चितार आळी हे नाव सावंतवाडीत अजून आहे.

तीन जण खेळतात, प्रत्येकाला चाळीस पानं. हुकूम नसतो. दिवसा खेळायला बसलात तर रामाच्या राजाचा मान पहिला. दिवे लागल्यावर बसलात तर कृष्णाचा. राम सूर्यवंशी आणि कृष्ण मध्यरात्री जन्मलेला, म्हणून असेल. पण घड्याळाकडे बघून डाव सुरू करायला लावणारा दुसरा पत्त्यांचा खेळ मला माहीत नाही.

आता एक नियम असा, की जो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला निव्वळ खोडसाळपणा वाटला. दहा रंगांपैकी पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का सगळ्यांत लहान, सरळ हिशेब. उरलेल्या पाच रंगांत सगळं उलटं. तिथे राजा-प्रधानांनंतर एक्क्याचा मान आणि दश्शी तळाला. नव्या माणसाचा इथेच गोंधळ उडतो. कोणाला सुचलं असेल हे?

उत्तर चीनमध्ये आहे. तिथल्या जुन्या मादियाव नावाच्या खेळात सुट्या नाण्यांचा रंग उलटा चालतो. जितकी नाणी कमी तितका पत्ता भारी. आणि युरोपातल्या जुन्या पत्त्यांच्या खेळांत, टॅरोमध्ये, पेले आणि नाणी या दोन रंगांतही क्रम उलटाच. चीन, सावंतवाडी, इटली. तिन्हीकडे चित्रं वेगळी, देव वेगळे, खेळणारे एकमेकांना ठाऊक नसलेले, आणि सगळ्यांच्या डावात तीच एक खोड. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी पत्त्यांच्या इतिहासावर बरंच काम केलं. अशा खोडीच ते पुराव्यासारख्या तपासत. चित्र बदलायला एक चितारी पुरतो. पण आजोबांकडून शिकलेला नियम बदलायचा म्हटलं तर समोरचे दोघं डाव उधळतील. म्हणून चित्रं बदलत गेली आणि खोड टिकली. एखाद्या घराण्यात सगळ्यांना डावा अंगठा वाकडा असावा, तसं.

लाख, बिब्बा आणि काजू

पत्त्याचा चकचकीतपणा कुठून येतो? आधी कागद चिंचोक्याच्या खळीने घट्ट करायचा, मग रंग, आणि वर लाख. चिंचोक्याने कागदाची भोकं बुजतात. रंग आत झिरपत नाही, वर उभा राहतो. म्हणून तर माशाचा डोळा टाचणीच्या डोक्याएवढा असूनही फुटत नाही. लाखेमुळे घामट हातांनी शंभर वेळा पिसूनही पान टिकतं.

लाख हा किड्याचा स्राव. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर हे इवलेसे किडे हजारोंनी चिकटून बसतात आणि स्वतःभोवती कवच करतात. ते कवच खरवडून वितळवलं की लाख. लक्ष म्हणजे शंभर हजार आणि लाक्षा म्हणजे लाख, हे दोन शब्द कानाला इतके जवळचे का, याचं उत्तर अशी एक फांदी पाहिली की मिळाल्यासारखं वाटतं.

चीनमधली लाकडी भांडी, पेट्या, पडदे असेच चकाकतात. इंग्रजीत त्यांनाही लॅकरच म्हणतात, आणि लॅकर हा शब्द आपल्या लाक्षेतूनच फारसी आणि पोर्तुगीज करत तिकडे गेला. पण चिनी लॅकरमध्ये लाखेचा अंशही नसतो. तो एका झाडाचा चीक आहे. खोडाला चिरा पाडून तो गोळा करतात, गाळतात आणि पातळ थरावर थर देत जातात. हा चीक वाळतो तो उन्हात नाही, दमट हवेत. हवेत ओल जितकी जास्त तितका तो पक्का होतो, कारण तो वाळत नसून त्याच्यातलं एक विकर हवेतला प्राणवायू घेऊन त्याला बांधत असतं. आपल्या आषाढात त्याचं काम फर्मास झालं असतं.

हा कच्चा चीक अंगाला लागला की फोड येतात, त्वचा जळते. हे वाचलं आणि मला आमच्या परड्यातली काजी आठवली. लहानपणी ओल्या काजूगरांच्या दिवसांत बिया फोडायला बसलं की आजी ओरडायची, “हात लावू नको रे, चीक अंगावर उठतलो!” तिची स्वतःची बोटं राख लावूनही आठ-आठ दिवस काळीच असत. ते काळेपण आणि चिनी पेटीचं काळं तेज, ही चुलत भावंडं आहेत. काजू आणि चिनी लॅकरचं झाड एकाच कुळातलं. त्याच कुळात आंबा येतो, ज्याच्या देठाच्या चिकाने तोंडाला चट्टे पडतात. आणि बिब्बा येतो, ज्याच्या न पुसणाऱ्या काळ्या रसाने धोबी कपड्यांवर खुणा करत. या सगळ्यांच्या चिकात एकमेकांशी नातं सांगणारी रसायनं आहेत. जपानमध्ये तर लॅकर महाग पडतो म्हणून काजूच्या टरफलांच्या तेलापासून केलेला रंग वापरतात आणि त्याला काजूच म्हणतात.

काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. पत्ते चीनहून इराणमार्गे आले. लाखेचा शब्द इथून गेला. किनाऱ्यावरच्या माणसाला याचं नवल वाटू नये. आपल्याकडे जे जे ‘पूर्वापार’ आहे त्यातलं बरंचसं कधी ना कधी गलबतातून उतरलेलं असतं.

मोजून काढलेलं चित्र

चिनी चित्रकार म्हटलं की डोंगरावर धुक्यात बसलेला, पैशाचा विचारही न करणारा विद्वान आपल्याला दाखवतात. असे होतेही. पण मला इथे दोन वेगळी माणसं आठवतात.

पहिला छन होंगशौ, १५९८ ते १६५२. मिंग राजवट कोसळताना जगलेला, मोठा मानला गेलेला चित्रकार. त्याने पत्त्यांची चित्रं काढली. पाणथळीतल्या बंडखोरांपैकी चाळीस जण, एकेका पानावर एकेक. कशासाठी? त्याच्या एका मित्राच्या घरात आठ तोंडं होती आणि हातात काही नव्हतं. पत्ते लाकडी ठशांवर कोरून छापायचे, ते खपायचे आणि मित्राचं घर चालायचं. एकेक वीर असा उभा, की कपड्याच्या घडीच्या रेघेवरून त्याचा स्वभाव कळावा. मरणाच्या आदल्या वर्षी त्याने आणखी ४८ पानांचा एक जोड केला. त्याचा विषय पैसा. इतिहासातले श्रीमंत, कंजूष, दरिद्री, उधळे.

दुसरा छी पायशी, १८६४ ते १९५७. हूनान प्रांतातला गरीब घरचा सुतार. पलंग आणि कपाटांवर फुलं कोरायचा. विशीत एका गिऱ्हाइकाच्या घरी त्याला चित्रकलेची जुनी छापील पुस्तकं दिसली. ती उसनी आणून रात्री दिव्याशी बसून त्याने पानन् पान उतरवून काढलं. चीनमधली बादशाही संपली, प्रजासत्ताक आलं, आणि हा सुतार बीजिंगला येऊन मोठा चित्रकार झाला. त्याच्या दारावर दरपत्रक होतं. फुलांच्या चित्रात किडा किंवा पाखरू हवं असेल तर नगाप्रमाणे जादा पैसे.

त्याची सगळ्यांत गाजलेली चित्रं कोळंबीची. मालवणच्या बाजारात टोपलीतली जिवंत सुंगटां ज्याने पाहिलीत, त्याला ती चित्रं समजायला टीप लागत नाही. मेजावर वाडग्यात कोळंब्या ठेवून तो त्या वर्षानुवर्षं पाहत बसला. चिनी कागद पाणी पितो, चिंचोक्याने घोटलेल्या आपल्या कागदाच्या अगदी उलट. छी पायशीने त्या पिण्याचाच उपयोग केला. पातळ शाईच्या चार-सहा फटकाऱ्यांत पाठीची वळणं, आणि डोक्याचा भाग ओला असतानाच त्यात गडद शाईचा एक स्पर्श. ती शाई आतल्या आत पसरते आणि कवचाखालचं काळं दिसायला लागतं. पाणी मात्र कुठेच काढलेलं नाही. तरी कोळंबी पोहते.

आता पुन्हा मत्स्याच्या रंगाकडे या. एक्क्यावर एक मासा, दुर्रीवर दोन, असं दश्शीपर्यंत. बेरीज पंचावन्न. असे दहा रंग, म्हणजे एका जोडात साडेपाचशे चिन्हं. वर दहा राजे आणि दहा प्रधान. किनार असलेला दरबारी जोड असेल तर एकशे वीस वर्तुळांची वेलबुट्टी वेगळी. चिताऱ्याला नगाप्रमाणे दर लावायची सोय नव्हती.

नावाचीही नव्हती. चिनी चित्रावर चित्रकाराची सही असते, त्याचा लाल ठसा असतो, मग मित्राची कविता, मग पुढच्या मालकाचा ठसा, त्याच्या पुढच्याचा. एखाद्या जुन्या चित्रावर ठशांची अशी गर्दी, की पिढ्यानपिढ्यांच्या मालकांची वंशावळ त्यावरच वाचावी. सावंतवाडीच्या पत्त्याच्या मागे काही नसतं. नसायलाच हवं. मागे खूण असलेलं पान हातात आलं तर समोरचा ओळखेल आणि डाव फुकट जाईल. पत्त्यावर सही करणं म्हणजे पत्ता बाद करणं. बाकीच्या चित्रांत नाव नसणं ही उपेक्षा असेल. इथे तो खेळाचा नियम आहे.

हातातलं

विसाव्या शतकात छापील विलायती पत्ते स्वस्त झाले आणि गंजिफा बसला. रंगवणारे हात इतके कमी झाले की सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी स्वतः पुंडलिक चितारी या जुन्या कलावंताकडून शिकायला बसले. १९७१ साली त्यांनी सावंतवाडी लॅकरवेअर्स सुरू केलं, राजवाड्यातच चिताऱ्यांची बैठक बसवली, आणि दरबार हॉलमध्ये पुन्हा ब्रश फिरू लागले. राजाने चिताऱ्याला आश्रय दिल्याच्या गोष्टी खूप आहेत. राजा चिताऱ्याचा विद्यार्थी झाल्याची ही एक.

आज जोड विकले जातात ते बहुतेक भेट म्हणून. लोक ते काचेत लावतात. पिंगुळीची जुनी पानंही संग्रहालयांत काचेमागे आहेत, पुण्याच्या केळकर संग्रहालयातही आहेत. जपायला ते हवंच. पण चिनी गुंडाळी हातभर उलगडायची, हातभर गुंडाळायची आणि पुढचा हातभर पाहायचा, अशीच केलेली असते. चित्रकथीचं पान उलटण्यासाठी असतं आणि गंजिफाचं टाकण्यासाठी. तिन्ही चित्रं कोणाच्या तरी हातात धरण्यासाठी काढली गेली, समोर कोणीतरी बसलेलं आहे असं धरून.

मागच्या दिवाळीत आम्ही एक साधा जोड घरी आणला आणि पडवीत तिघं बसलो. मी, भाचा आणि शेजारचे काका. चाळीस गोल पानं एका हातात धरणं म्हणजे चाळीस पापड धरणं. कोपरा नाही, टोक नाही, पंखा उघडायला जावं तर अर्धी पानं मांडीवर. उलट्या रंगांचा नियम भाच्याने तीनदा विचारला आणि दोनदा त्यावरून भांडला. मी त्याला नाण्यांच्या माळा, बाबर, इटली असं सगळं सांगत होतो. त्याला त्यातलं काही नको होतं. त्याला एक्का कधी मोठा होतो एवढंच पाहिजे होतं.

पहिला डाव संपेपर्यंत तुळशीपुढे पणती लागली होती. काकांनी पानं गोळा केली, पिसली आणि वाटता वाटता म्हणाले, “आता कृष्णाचो मान.” भाच्याने हातातली पानं भराभर चाळली. राम त्याच्याकडे होता.